टोपल्या विणायचं वेड घरच्या धंद्यात बसेल का? (कुडाळ)

बेळवाली | १४ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

२०२० साली भांडुपहून कुडाळ तालुक्यात गावी आलो. यांची नोकरी गेली होती, आणि चार महिन्यांसाठी म्हणून आलो ते इथलेच झालो. वाडीत एक आजी आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. पडवीत बसून रोवळ्या (तांदूळ धुवायच्या टोपल्या) विणायच्या. मी शेजारी जाऊन बसायला लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी दोन म्हयने नुसती बेळ काढ, टोपली मगे." दोन महिने मी खरंच नुसत्या बेळी, म्हणजे विणायच्या बांबूच्या पट्ट्या, काढल्या. बोटं फाटली, सासूबाई हसल्या, पण कोयतीची धार चिवारी बांबूच्या पेरातून सरळ खाली उतरली की जो आवाज येतो ना, त्याची मला चटक लागली.

आता रोवळी, परडी, फळांची टोपली, दिव्याची शेड एवढं जमतं. गेल्या वर्षात होमस्टेवाले, एक हॉटेल आणि एक दुकान मिळून १४० नग गेले. हे बांबू तोडून आणतात आणि चिरून देतात, सासूबाई काठ बांधतात, मुलगी बारावीत आहे, ती फोटो काढते. मला विचारायचं आहे ते असं: यावर चौघांचं घर चालू शकेल का? यांची सहा आसनी रिक्षा विकून पूर्ण वेळ यात पडायचा विचार आहे.

भाव सांगते. दहा इंची फळांची टोपली दुकानाला १८० ला देते. बांबू आणि बाकी सामान धरून ३० रुपये. विणायला दोन तास. म्हणजे तासाला ७५ सुटतात. बरं आहे ना?

निवांत_नाना | १४ जानेवारी, रात्री ११.०५

छान लिहिलंय ताई. फोटो टाका. आमच्या लहानपणी घरी आठ-दहा प्रकारच्या टोपल्या असायच्या, प्रत्येकीचं नाव आणि जागा ठरलेली. भाकरीची दुरडी वेगळी, फुलांची परडी वेगळी, कोंबड्या झाकायचं डालगं वेगळं, आणि पावसात शेतावर जाताना पाठीवर इरलं. सूप मेथी आणि कागदाच्या लगद्याने सारवायचो. तो वास अजून नाकात आहे. (अवांतर झालं, माफी.)

रिक्षा विकू नका.

हिशेबनीस | १५ जानेवारी, सकाळी ७.२०

रिक्षा विकू नका, +१.

ताई, तुमच्या हिशेबात एक भोक आहे. दोन तास विणायला लागतात, मान्य. बेळी कोणी काढल्या?

बेळवाली | १५ जानेवारी, सकाळी ९.१०

यांनी. म्हणजे बांबू आणणं, चिरणं, सोलणं धरून टोपलीमागे तासभर जात असेल.

हिशेबनीस | १५ जानेवारी, सकाळी ९.१४

आणि काठ?

बेळवाली | १५ जानेवारी, सकाळी ९.३०

सासूबाई. अर्धा तास. पण ते घरचंच काम आहे हो, त्यांना कुठे मजुरी द्यायची असते.

हिशेबनीस | १५ जानेवारी, सकाळी ९.५२

तेच ते भोक. टोपलीला साडेतीन तास लागतात, दोन नाही. १५० भागिले साडेतीन म्हणजे तासाला सुमारे ४३. आठ तास राबलात तर दिवसाचे साधारण ३४०, आणि मुलीचे फोटो, दुकानापर्यंतची फेरी, बिघडलेले नग हे सगळं त्यात फुकट. तुमच्याकडे बागेत गडी काय घेतो?

बेळवाली | १५ जानेवारी, दुपारी १.४०

५०० आणि दुपारचं जेवण.

(अर्धा तास झाला हे लिहून. पाठवू की नको करत होते.)

कसबेकर | १५ जानेवारी, रात्री ९.१५

मी बुरूड. पुण्याच्या बुरूड आळीत दुकान आहे, माझी चौथी पिढी. म्हणून दोन गोष्टी बोलतो, राग मानू नका.

ताई, 'वेड', 'छंद' हे शब्द तुम्हाला परवडतात. माझ्या आजीला कोणी विचारलं नव्हतं की बाई तुला विणायला आवडतं का. सहाव्या वर्षी हातात कोयती आली. पाच माणसं दिवसभर विणायची आणि संध्याकाळी एका माणसाच्या मजुरीएवढे पैसे यायचे. आमचा माल इतकी वर्षं स्वस्त राहिला तो याच कारणाने. घरातली बाई, म्हातारं माणूस, शाळेतून आलेलं पोर, यांची मजुरी कोणी धरलीच नाही. गिऱ्हाइकाला वाटतं बांबूची वस्तू म्हणजे स्वस्तच असणार. ती स्वस्त नव्हती, तिचे पैसे आमच्या घरातल्यांनी भरले.

आमच्या दुकानात लग्नाच्या झालीची टोपली आणि तिरडीचं सामान एकाच भिंतीला टेकवलेलं असतं. तिरडीच्या बांबूला आजवर कोणी घासाघीस केली नाही. सुपाला प्रत्येक जण करतो.

आता तुम्ही १८० ला टोपली दिलीत तर तुमच्या बाजारात जो खरा बुरूड बसतो, त्याला १५० ला द्यावी लागेल. तुमच्याकडे रिक्षा आहे. त्याच्याकडे नाही.

दुपारची_झोप | १५ जानेवारी, रात्री १०.०२

इथे पण जात आणलीच का? बिचारीने साधा प्रश्न विचारलाय.

कसबेकर | १५ जानेवारी, रात्री १०.१०

मी आणली नाही साहेब. आडनाव सांगितलं की गिऱ्हाईक ती आधीच घेऊन येतं.

निवांत_नाना | १५ जानेवारी, रात्री १०.३१

कसबेकरांशी सहमत. मी स्वतः मंडईत सुपाला घासाघीस केली आहे. आणि वर त्याच हातात दीडशे रुपयांची कॉफी धरून घरी आलो आहे.

बेळवाली | १६ जानेवारी, सकाळी ६.५०

कसबेकर दादा, राग नाही आला. खरं सांगते, आधी आला होता, मग झोप नाही आली, मग गेला.

आजींना मी शिकवण्याचे काहीच दिले नव्हते. साखर, चहा पावडर, दिवाळीला लुगडं. ते धरून चालत नाही हे कळतंय. आणि १८० हा भाव मी कुठून आणला हे आठवून पाहिलं. दुकानदार म्हणाला होता, "घरीच तर करता, १८० पुरे." मी मान हलवली होती. तो ४०० ला विकतो.

हिशेबनीस | १६ जानेवारी, सकाळी ८.०५

मग आता नीट मांडू. गड्याचा दर धरला तर तासाला साडेबासष्ट. साडेतीन तासांचे २१९, अधिक सामान ३०. झाले २४९. हा तुमचा खर्च आहे, नफा याच्या वर सुरू होतो. दहातली एक टोपली बिघडते असं धरा, बाजारची फेरी धरा. दुकानाला ३२० च्या खाली देऊ नका. नाही म्हणाला तर नाही.

एक वही करा. तारीख, नग, कोणी किती तास. नावानिशी. सासूबाईंचंही नाव.

सरकारी बाजू: पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत टोपली-चटई-झाडू करणारे आहेत. थोडं प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, आणि कर्ज आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख, ५ टक्के व्याजाने. पण एका कुटुंबातून एकालाच नोंदणी मिळते, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. तेव्हा तुमच्या दोघांपैकी कोणाचं नाव घालायचं ते घरी बसून ठरवा. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट होते. कोणी दोन हजार मागितले तर दार दाखवा.

अमरावतीची_अनु | १६ जानेवारी, सकाळी ११.४५

उशिरा आले धाग्यावर. मी मेळघाटात काही वर्षं काम केलंय. धारणी तालुक्यात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे, जमलं तर एकदा बघून या. सुनीलभाऊ २०२१ मध्ये कोविडने गेले. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. पण तुम्हाला एवढ्या लांब यायचीही गरज नाही. तुमच्या कुडाळातच कोनबॅक आहे! बांबूच्या घरांपासून फर्निचरपर्यंत कामं करतात. कधी गेलात का?

मला विचारायचं होतं की बांबू कधी तोडता? आणि त्यावर काही प्रक्रिया करता का? तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये त्याबद्दल एक शब्द नाही.

बेळवाली | १६ जानेवारी, दुपारी ३.१५

लागेल तेव्हा तोडतो. शेजारच्यांचं चिवारीचं बेट आहे, आमचा थोडा माणगा (बांबूची दुसरी जात) आहे. प्रक्रिया काही नाही. कोनबॅकच्या समोरून हजार वेळा रिक्षा गेली असेल, आत गेलो नाही. :(

अमरावतीची_अनु | १६ जानेवारी, दुपारी ४.००

लागेल तेव्हा तोडू नका!! पावसात बांबूत नवे कोंब वर येत असतात, बेटात रस भरलेला असतो. त्या दिवसांत तोडलेल्या बांबूत पिठूळपणा, म्हणजे स्टार्च, जास्त राहतो आणि पोखरणारा भुंगा नेमका त्यावरच जगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तोडा.

निवांत_नाना | १६ जानेवारी, दुपारी ४.२०

आमच्याकडे अमावास्येच्या आसपास तोडायचे. कीड लागत नाही म्हणायचे.

अमरावतीची_अनु | १६ जानेवारी, दुपारी ४.३३

कोरकू म्हातारेही तेच म्हणतात नाना. मी वाद घालत नाही. पण हिवाळ्यातली अमावास्या निवडा म्हणजे दोघांचंही राहील.

---

बेळवाली | २ एप्रिल, रात्री ९.३०

धागा वर काढतेय. बातमी वाईट आहे.

डिसेंबरात एका हॉटेलला २४ टोपल्या दिल्या होत्या, जेवणाच्या टेबलावर ब्रेड ठेवायला. परवा त्यांचा फोन आला. टोपल्यांतून पिवळट पीठ पडतंय. गेले, बघितलं. टेबलक्लॉथवर रांगोळी घातल्यासारखा भुगा. टोपली कानाशी धरली तर आतून कुरकुर ऐकू येत होती. बांबू आम्ही ऑगस्टमध्ये तोडला होता. अनु, तुमची पोस्ट मी जानेवारीत वाचली, तेव्हा माल देऊन महिना झाला होता, आणि तरी मी त्यांना आधी सांगितलं नाही. गप्प बसले. निघून जाईल वाटलं.

नगाला २५० प्रमाणे ६,००० परत केले. हे काही बोलले नाहीत, सासूबाई मात्र बोलल्या.

आता काय करू? कोणी बोरिक ॲसिड म्हणतं, कोणी डिझेल फासा म्हणतं.

कसबेकर | २ एप्रिल, रात्री ९.५१

डिझेल? भाकरीच्या टोपलीला? ज्याने सांगितलं त्याला त्यात जेवायला वाढा.

पैसे परत केलेत हे बरं केलंत.

अमरावतीची_अनु | २ एप्रिल, रात्री १०.१५

पोस्ट लांब होईल, पण नीट वाचा.

बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड पाण्यात विरघळवून त्यात बेळी बुडवणं हा चालू आणि चांगला उपाय आहे. साधारण पाच टक्क्यांचं द्रावण. हातमोजे घाला, लहान मुलं लांब ठेवा. पण हे क्षार पाण्याने पुन्हा धुऊन बाहेर येतात. म्हणजे दिव्याची शेड, कपड्यांची टोपली, भिंतीवरचं सूप यांना चालेल. ज्या रोवळीत तांदूळ धुणार तिला अजिबात नको. ब्रेड, भाकरी, फळं यांनाही मी लावणार नाही.

खाण्याच्या टोपलीसाठी जुनीच रीत: हिवाळ्यात तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, पिठूळपणा त्यात निघून जातो. मग बेळी उकळायच्या आणि कडकडीत वाळवायच्या. तुमच्याकडे व्हाळ (ओढा) असेलच. पूर्वी टोपल्या चुलीवरच्या माळ्यावर टाकायचे ते उगाच नाही, धुराने कीड धरत नाही. तुमच्या त्या आजींच्या रोवळीला कधी भुगा पडलाय?

बेळवाली | ३ एप्रिल, सकाळी ७.००

नाही. आत्ता जाऊन विचारून आले. म्हणाल्या, "तुका कोणी सांगलेला पावसात तोडूक?" मी विचारलंच नव्हतं कधी. मला नुसतं विणायला शिकायचं होतं.

सातासमुद्रापार | ३ एप्रिल, दुपारी २.२०

इंग्लंडातून. इथे सॉमरसेटला वाळुंजाच्या (विलो हो) फांद्यांच्या टोपल्या विणतात, तिथे मी एक दिवसाच्या वर्गाला गेले होते. दिवसाच्या शेवटी माझी टोपली वाकडी आणि आनंद भरपूर. शिकवणारी बाई म्हणाली की तिचं घर टोपल्यांपेक्षा वर्गांवर जास्त चालतं. तुमच्याकडे मे महिन्यात चाकरमानी येतात, होमस्टे भरलेले असतात. विचार करा.

कसबेकर | ३ एप्रिल, रात्री ८.४५

कल्पना चांगली आहे. वर्गात शिकवणार कोण?

बेळवाली | ३ एप्रिल, रात्री ९.०५

कळलं दादा. आजी.

---

बेळवाली | ८ जून, दुपारी १२.१०

पाऊस लागला. आता चार महिने बेटाला हात नाही. तेवढ्यात हिशेब देते.

मे महिन्यात दोन वर्ग घेतले. आठ-आठ माणसं, प्रत्येकी ७००, जेवण वेगळं. एका वर्गाचे ५,६०० आले. आजींना २,००० दिले. त्यांनी दोनदा मोजले, कनवटीला लावले आणि म्हणाल्या, "फुडच्या वेळेक तीन घेतलंय." दुसऱ्या वर्गाला तीन दिले. पाहुण्यांवर त्या मनसोक्त ओरडतात आणि लोकांना तेच आवडतं. एका काकांना तर बेळ वाकडी निघाली म्हणून तासभर पुढे जाऊ दिलं नाही.

दुकानदाराला ३२० सांगितले. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी फोन आला, २५०. मी नाही म्हटलं. मग फोन आला नाही. तो गेला, खोटं बोलत नाही, पहिले पंधरा दिवस पोटात गोळा होता. एक होमस्टेवाली मात्र ३२० ला तयार झाली, बारा नग. एवढंच.

ऑनलाइनचं सांगते, कोणाला उपयोग होईल. पुण्याला एक मोठी टोपली पाठवायची होती. वजन चारशे ग्रॅम. कुरियरवाल्याने पैसे लावले साडेतीन किलोच्या वर! लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ३० बाय ३० बाय २० चं खोकं म्हणजे ३.६ किलो. हवेचे पैसे. मग यांनी डोकं चालवलं, आता एकात एक बसणाऱ्या तीन टोपल्यांचा संच करतो. खोकं तेच, माल तिप्पट. हे वर्षभर "तुझं विणकाम" म्हणायचे, आता "आपला संच" म्हणतात. :)

वही चालू आहे. सासूबाईंचे तास लिहायला लागले तेव्हा त्या चिडल्या. "माका कसले पैशे देतस गो, बसल्या जाग्यार तर करतंय." तरी महिन्याच्या शेवटी १,८५० हातावर ठेवले. आता काठ बांधून झाला की स्वतःच विचारतात, लिवलंस?

आणि चौघांचं घर? नाही चालत. जानेवारी ते मे धरून महिन्याला सरासरी नऊ-साडेनऊ हजार पडले, सगळ्यांचे मिळून. रिक्षा आहे म्हणून चूल पेटते.

हिशेबनीस | ८ जून, दुपारी १२.५०

मी वर्षात पाहिलेला सर्वात प्रामाणिक ताळेबंद. रिक्षाचं डिझेल टोपल्यांच्या फेरीला वापरलंत तर तेही वहीत लिहा.

नोंदणीचं काय ठरलं?

बेळवाली | ८ जून, दुपारी १.०५

माझं नाव घातलं. यांनीच सांगितलं. अर्ज ग्रामपंचायतीच्या टप्प्यावर आहे.

दुपारची_झोप | ८ जून, दुपारी १.३०

प्लॅस्टिकची टोपली साठ रुपयांना मिळते आणि दहा वर्षं टिकते. कोण घेणार ३२० ची?

निवांत_नाना | ८ जून, दुपारी १.४४

दहा वर्षं टिकते खरी. आमची तर टाकून दिल्यावरही गच्चीत टिकून आहे.

कसबेकर | ८ जून, रात्री ९.२०

ताई, ३२० वर ठाम राहिलात, बरं वाटलं. मागे थोडं कडक बोललो होतो.

गौरीचं बघा आता. तुमच्याकडे ओवसा असतो, नवीन लग्न झालेल्या मुली गौरीपुढे सुपं ओवाळतात. ती मागणी दरवर्षी ठरलेली, कोणाला जाहिरात करावी लागत नाही. शेड आणि ब्रेडच्या टोपल्या फॅशनवर आहेत, आज आहेत उद्या नाहीत. सूप शिका. आणि सुपाचा भाव तुमच्या बाजारात जो बुरूड किंवा जी म्हातारी बसते, तिला विचारून तोच लावा. खाली नाही. तिचे नऊशे नग खपू देत, तुमचे पन्नास.

बेळवाली | ९ जून, सकाळी ६.३०

ते मी आधीच विचारलंय. कुडाळच्या बुधवारच्या बाजारात एक मावशी बसतात. मी भाव विचारला तर त्यांना वाटलं घासाघीस करणार, आधीच पन्नास कमी सांगितले. मी म्हटलं, मावशी तो नको, खरा सांगा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सांगितला. शेवटी ठरलं असं की माझ्याकडे कोणी सुपं मागितली तर पहिली त्यांच्याकडून घ्यायची, कमी पडली तर मी विणायची. सूप मला अजून नीट येतही नाही, पुढचा काठ वर उचलतो.

कसबेकर | ९ जून, सकाळी ७.१५

कडेच्या बेळी जास्त ताणताय. पुढची तीन बोटं सैल सोडा, मग आवळा. फोटो टाका, सांगतो.

निवांत_नाना | ९ जून, सकाळी ८.००

माझ्या सुनेची यंदा पहिली गौर आहे, माहेर कणकवलीचं, तिला पाच सुपं लागतील. ताई, तुमच्याकडून मागवतो. भाव सांगाल तो. घासाघीस नाही, शपथ.

कसबेकर | ९ जून, सकाळी ८.०६

नाना, तुम्ही सदाशिव पेठेत राहता ना? माझं दुकान चालत वीस मिनिटांवर आहे.

बेळवाली | ९ जून, सकाळी ८.२०

नाना, त्यांच्याकडूनच घ्या. सूप एकात एक बसत असलं तरी खोकं रुंद होतं. कुरियरच सुपापेक्षा महाग पडेल.

निवांत_नाना | ९ जून, सकाळी ८.३१

बरं. कसबेकर, मंगळवारी येतो. ती कॉफी घेऊन येऊ नये ना?

कसबेकर | ९ जून, सकाळी ८.३५

दोन आणा.